पांढऱ्या गाडीवरचे डांबराचे ठिपके: धुतल्यावरही परत का दिसतात आणि काढायचे कसे

सांगली-कोल्हापूर-सातारा पट्ट्यात पांढरी गाडी वापरणाऱ्यांची एक तक्रार नेहमीची आहे. गाडी धुऊन-पुसून लख्ख केली, दोन-चार दिवस फिरवली, की दारांच्या खालच्या अंगाला, चाकांच्या मागे आणि मागच्या बंपरवर बारीक काळे ठिपके पुन्हा दिसायला लागतात. शाम्पूने ते हलत नाहीत. नखाने खरवडलं तर तपकिरी फराटा ओढला जातो आणि ठिपक्याच्या जागी बोटभर डाग होतो. पुणे-बेंगळुरू महामार्गाचं सातारा ते कागल सहापदरीकरण सुरू झाल्यापासून वळणरस्ते, तात्पुरतं डांबर आणि उडणारी कच हे रोजचंच झालं आहे.

डांबर काळ्या किंवा राखाडी गाडीलाही तेवढंच लागतं, तिथे ते दिसत नाही इतकंच. पांढऱ्या रंगाची खरी अडचण पुढची आहे. ठिपका निघाल्यावर मागे जी पिवळट सावली राहते ती फक्त पांढऱ्यावर डोळ्यांत भरते. त्यामुळे पांढऱ्या गाडीला उशीर परवडत नाही आणि घिसाडघाईही परवडत नाही.

आमच्या भागातल्या ओळखीच्या बऱ्याच गाड्या हाताखालून गेल्यावर माझं ठाम मत झालं आहे की या एका तक्रारीत तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. कधी ठिपका डांबराचा नसतोच. कधी तो डांबराचाच असतो, पण काढताना पसरवला जातो. आणि कधी तो नीट निघतो, पण टायरच्या खाचांत आणि मडगार्डच्या आत साठलेलं डांबर दुसऱ्या दिवशी पुन्हा पत्र्यावर येऊन बसतं. तिसऱ्या गोष्टीकडे सहसा कोणी बघत नाही, आणि 'परत परत' येणाऱ्या डागांचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं.

आधी ठिपका ओळखा

गाडी साध्या पाण्याने धुऊन कोरडी करा आणि सावलीत उभी करा. आता ठिपके कुठे आहेत ते बघा. डांबर चाकं उडवतात, म्हणून ते कमरेच्या खालीच असतं: चाकाच्या कमानीमागे, दाराच्या खालच्या पट्टीवर, मागच्या बंपरच्या कोपऱ्यांत. बॉनेटच्या पुढच्या कडेला थोडे ठिपके असतील तर ते पुढच्या गाडीने उडवलेले. छतावर आणि बॉनेटच्या मध्यभागी सगळीकडे सारखे ठिपके असतील तर ते डांबर असण्याची शक्यता फार कमी.

छतावरचे काळे कण आमच्याकडे बहुतेक वेळा साखर कारखान्याच्या धुराड्यातले असतात. गाळप हंगामात बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जळून उडालेली काजळी आणि रानात पेटवलेल्या पाचटाची राख कित्येक किलोमीटर येते. तिची खूण सोपी आहे. कोरड्या बोटाने दाबलं की कण चुरतो आणि काळी रेघ उमटते. हिच्यावर फडकं कधीही मारू नका. पाइपाने भरपूर पाणी सोडलं की ती वाहून जाते. कोरडं पुसलं तर काजळी पांढऱ्या रंगावर राखाडी होऊन पसरते आणि मग शाम्पू लावूनच काढावी लागते.

दुसरी फसवणूक नारिंगी-तपकिरी ठिपक्यांची. पांढऱ्या गाडीवर हे सर्वांत जास्त गोंधळात टाकतात. लांबून गंज वाटतो, जवळून जुन्या डांबराची सावली वाटते. हे लोखंडाचे बारीक कण असतात. ब्रेकच्या डिस्कमधून सुटलेले, रेल्वेरुळांजवळ गाडी लावल्याने बसलेले, किंवा फॅब्रिकेशनच्या शेडमधल्या कटिंग मशीनच्या ठिणग्यांतून आलेले. गरम कण रंगाच्या थरात रुततो आणि मग तिथेच गंजतो. ओळखण्यासाठी बोटांवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवा आणि धुतलेल्या पत्र्यावरून हलकेच हात फिरवा. नुसत्या हाताला जे जाणवत नाही ते पिशवीतून जाणवतं. लोखंडाचा कण टोचतो, खरखरतो. डांबराचा ठिपका फुगीर असतो आणि कडेला गुळगुळीत लागतो. लोखंडावर डांबर काढायचं औषध कितीही ओता, काही होत नाही. त्याला वेगळं आयर्न रिमूव्हर लागतं. ते मारलं की ठिपक्यांभोवती जांभळा रंग सुटतो, वास उग्र येतो, आणि वाळण्याआधी ते भरपूर पाण्याने धुवावं लागतं. संडास साफ करायचं ॲसिड चाकांवर आणि पत्र्यावर वापरायचा सल्ला काही लोक देतात. तो अजिबात मानू नका.

तिसरा प्रकार म्हणजे आरसा, दाराचं हँडल आणि छतावरची पट्टी यांच्याखाली उभे ओघळलेले काळे पट्टे. हे रबरातून आणि खाचेत साठलेल्या धुळीतून पावसाच्या पाण्याबरोबर उतरतात. शाम्पू आणि मऊ ब्रशने खाच साफ केली की पट्टे थांबतात.

एवढं करूनही शंका राहिली तर शेवटची परीक्षा: कापसावर दोन थेंब खोबरेल तेल घ्या, ठिपक्यावर ठेवा आणि दहा मिनिटांनी हलकेच उचला. कापसाला तपकिरी-काळं लागलं तर ते डांबर. काहीच लागलं नाही तर दुसरं काहीतरी आहे.

डांबर इतकं चिवट का

रस्त्याचं डांबर म्हणजे कच्च्या तेलातून पेट्रोल, डिझेल, रॉकेल वेगळं काढल्यावर तळाला उरणारा जड भाग. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून शाम्पू आणि प्रेशरचं पाणी दोन्ही त्याच्यापुढे निरुपयोगी ठरतात. ते विरघळतं तेलात आणि तेलाच्याच जातीच्या द्रावकात. फणसाचा चीक हाताला लागला की आपण आधी तेल चोळतो आणि मग साबण लावतो, तसंच इथेही करायचं.

उन्हाचाही यात मोठा हात आहे. आपल्याकडे रस्त्यांना सर्रास वापरलं जाणारं व्हीजी-३० प्रतीचं डांबर साधारण ४७ अंशांपुढे मऊ पडायला लागतं. मे महिन्याच्या दुपारी विदर्भ-मराठवाड्यातच काय, मिरज-सांगलीतही रस्त्याचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. कडक उन्हात तो ६० अंशांच्याही वर जातो. म्हणजे नवीन काम चालू नसतानाही जुन्या रस्त्यावर जिथे डांबराचा हात जास्त पडला आहे तिथे ते वर येतं, टायरला चिकटतं आणि वेग वाढला की सुटून पत्र्यावर बसतं. म्हणून फेब्रुवारीत न पडणारे डाग एप्रिलमध्ये त्याच रस्त्यावर पडतात.

रस्त्याचं काम चालू असताना दोन वेगळ्या गोष्टी उडतात, आणि त्या वेगळ्या ओळखायला हव्यात. एक म्हणजे गरम डांबरात घोळलेली कच. सीलकोट, म्हणजे डांबर आणि बारीक कच यांचा वरचा पातळ थर, केल्यावर रोलर फिरला तरी काही दिवस सुटी कच रस्त्यावर राहते. ही टायरमधून सुटते तेव्हा ठिपका तर पडतोच, वर खडीचा मारही बसतो. दुसरी म्हणजे इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर. नवीन थर टाकण्याआधी जुन्या रस्त्यावर ते फवारतात. ओलं असताना ते तपकिरी दिसतं. पाणी सुटून गेलं की काळं पडतं आणि चिकटतं. तपकिरी असेपर्यंत ते पाण्याने धुऊन निघतं. ही गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत आहे, आणि तिचा फायदा घेतला तर पुढची सगळी मेहनत वाचते. ओल्या तपकिरी रस्त्यावरून गेलात तर पुढच्या पंपावर किंवा ढाब्यावर थांबा आणि पाण्याची बाटली नाही तर बादली घेऊन चाकांच्या मागचा भाग लगेच धुवा. फडकं लावू नका, नुसतं पाणी मारा. घरी पोहोचेपर्यंत थांबलात तर संधी गेली.

काय वापरायचं, काय नाही

सर्वांत बरं म्हणजे गाडीच्या सामानाच्या दुकानात मिळणारं टार रिमूव्हर. बाटलीवर 'क्लिअर कोटसाठी', म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरासाठी, 'सुरक्षित' असं लिहिलं आहे का ते बघा. बहुतेक बाटल्यांत खनिज तेलाचं हलकं द्रावक असतं, काहींत संत्र्याच्या सालीपासून काढलेलं तेल असतं. दोन्ही चालतात. संत्र्याचं जरा सावकाश काम करतं पण वास सुसह्य असतो.

गंजलेले नट-बोल्ट सैल करायचा डब्ल्यूडी-४० स्प्रे घरात असेल तर चार-सहा ठिपक्यांसाठी ते पुरतं, कारण त्यातही मुख्यतः तेच हलकं द्रावक असतं. मात्र त्याचं तेल मागे राहतं, ते नंतर शाम्पूने काढावंच लागतं.

हार्डवेअरच्या दुकानात ऑइल पेंटमध्ये घालायचं टर्पेंटाइन मिळतं. ते स्वस्त आहे आणि डांबरावर चांगलं चालतं. पण इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. टर्पेंटाइन मागितलं की काही दुकानदार थिनर हातात देतात, 'एकच की' म्हणून. ते एक नाही. थिनर, विशेषतः लॅकरचा एनसी थिनर, रंग मऊ करतो. कारखान्यात भट्टीत पक्का केलेला रंग क्षणभर तग धरेल, पण गॅरेजमध्ये पुन्हा मारलेला रंग, बंपरचा रंग आणि हेडलाइटची पॉलिकार्बोनेटची काच तग धरणार नाही. थिनरने हेडलाइट एकदा धुरकट झाला किंवा त्यात बारीक तडे गेले की तो सहसा बदलावाच लागतो. बाटलीवरचं नाव वाचूनच घ्या. सुटं, बिननावाच्या बाटलीत भरलेलं घेऊच नका.

पेट्रोल नको. रस्त्यावर पंक्चरवाल्याकडे फडकं पेट्रोलमध्ये बुडवून दार पुसणारे खूप दिसतात. डांबर निघतंही. पण पेट्रोल इतक्या लवकर उडून जातं की ठिपका विरघळायच्या आधीच घासावं लागतं आणि घासलं की रंगावर ओरखडे येतात. आगीचा धोका आहे तो वेगळाच.

रॉकेल पूर्वी सर्रास वापरलं जायचं. आता ते सहज मिळतही नाही. ते चालतं, पण त्याचा तेलकट थर चिवट असतो आणि ३५ अंशांच्या आसपास त्याच्या वाफेला एखादी ठिणगी पुरते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे हवाच तेवढी तापलेली असते, हे ध्यानात ठेवा. काही वॉशिंग सेंटरवर गाडीच्या खालून डिझेल किंवा रॉकेल फवारायची पद्धत आहे. माझ्या पांढऱ्या गाडीवर एका ठिकाणी असं फवारल्यावर दारांच्या कडेचं रबर काही महिन्यांत फुगून ढिलं पडलं आणि पावसात आत पाणी यायला लागलं. दारांचं रबर ज्या जातीचं असतं त्याला पेट्रोल, डिझेल, रॉकेल सोसत नाही. म्हणून गाडी धुवायला टाकताना आधीच सांगा: खालून डिझेल मारायचं नाही.

घरातलं खोबरेल किंवा गोडेतेल सर्वांत निरुपद्रवी. ताज्या ठिपक्यांवर ते उत्तम काम करतं, फक्त वेळ घेतं. हिवाळ्यात खोबरेल थिजतं, तेव्हा बाटली कोमट पाण्यात धरून पातळ करून घ्या. निलगिरीचं तेल जास्त वेगाने काम करतं, पण ते महाग पडतं आणि प्लॅस्टिकवर ठेवू नये.

काढायची पद्धत

गाडी सावलीत, पत्रा हाताला थंड लागेल अशी. सकाळची वेळ चांगली. आधी नुसत्या पाण्याने, मग शाम्पूने धुऊन घ्या, कारण डांबरात माती आणि कच अडकलेली असते. ती पत्र्यावर असताना औषध लावून पुसलं तर प्रत्येक पुसण्याबरोबर वाळू रंगावरून ओढली जाते. रंगाचा वरचा पारदर्शक थर साधारण ४० मायक्रॉनचा असतो, माणसाच्या केसाहूनही पातळ. त्याच्यावर वाळू ओढण्याची चैन कोणालाच परवडणारी नाही.

गाडी कोरडी झाली की एका वेळी एकच भाग घ्या, समजा ड्रायव्हरच्या दाराची खालची पट्टी. टिश्यू पेपरचे अंगठ्याएवढे तुकडे फाडा, औषधात भिजवा आणि एकेका ठिपक्यावर चिकटवा. थेट पत्र्यावर फवारलं तर उभ्या दारावरून औषध ओघळून जातं आणि ठिपका कोरडाच राहतो. कागद चिकटून राहतो आणि औषधाला काम करायला वेळ देतो. दोन-तीन मिनिटांत कागदाच्या खालून तपकिरी रंग बाहेर झिरपायला लागतो. ही खूण दिसेपर्यंत हात लावायचा नाही. मग कागद चिमटीत धरून, न सरकवता, सरळ वर उचला. अर्धं डांबर कागदाबरोबरच निघून येतं. उरलेल्यावर स्वच्छ मायक्रोफायबरचा कोपरा औषधात ओला करून टेकवा, दाबा, उचला. फडक्याची घडी बदला. पुन्हा टेकवा, दाबा, उचला. अगदी शेवटी, काळं जवळजवळ गेल्यावर, एकदाच हलकं पुसा, तेही कडेकडून मध्याकडे. मध्यातून बाहेर पुसलं की विरघळलेलं डांबर पांढऱ्या रंगावर पसरतं.

फडक्याची घडी बदलणं हा या कामाचा अर्धा भाग आहे. एकाच कोपऱ्याने दहा ठिपके पुसले तर अकराव्या ठिकाणी डांबर निघत नाही, लागतं. म्हणून जुन्या सुती बनियनचे तुकडे कापून ठेवा आणि काळे झाले की टाकून द्या. मायक्रोफायबर फक्त शेवटच्या पुसण्याला वापरा. डांबर लागलेलं मायक्रोफायबर पुन्हा बॉनेटवर वापरायचं नाही, कितीही धुतलं तरी.

जुना, महिनाभर उन्हात भाजलेला ठिपका एका फेरीत निघत नाही. तो कडेने विरघळतो, मध्ये घट्ट राहतो. अशा वेळी नख, पत्र्याची पट्टी, भांडी घासायची घासणी यांतलं काहीही हाती घेऊ नका. पुन्हा ओला कागद ठेवा, वरून प्लॅस्टिकचा छोटा तुकडा लावा म्हणजे औषध उडणार नाही, आणि आठ-दहा मिनिटं थांबा. बाटलीवर कमी वेळ दिला असेल तर तो पाळा.

एक पट्टी झाली की लगेच शाम्पूच्या पाण्याने ती धुवा. सगळी गाडी होईपर्यंत थांबू नका. औषधाचा तेलकट थर पत्र्यावर राहिला तर संध्याकाळपर्यंत त्यावर धूळ बसते आणि दुसऱ्या दिवशी तिथे राखाडी पट्टे दिसतात. 'काढलं तरी परत आलं' असं सांगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या गाडीवर प्रत्यक्षात हेच पट्टे असतात.

हातात नायट्राइलचे मोजे घाला, साधे रबरी मोजे या द्रावकांत मऊ पडतात. जागा मोकळी हवी, आसपास गॅस, उदबत्ती, सिगारेट काही नको. भिजलेली फडकी मोकळ्या जागेत पसरून वाळवा आणि मगच टाका. ब्रेकची डिस्क आणि पॅड यांच्यावर कुठलंही औषध किंवा तेल उडता कामा नये. चाकाजवळ काम करताना औषध फडक्यावर घ्या, चाकावर फवारू नका.

पिवळी सावली राहिली तर

डांबर निघालं, पत्रा गुळगुळीत लागतो, तरी ठिपक्याच्या जागी फिकट पिवळा-तपकिरी वर्तुळाकार डाग राहिला. डांबरातला तेलकट भाग रंगाच्या थरात थोडा मुरलेला असतो, त्याचा हा परिणाम. घाबरू नका आणि जोर लावू नका. त्याच औषधाचा ओला कागद पुन्हा एकदा ठेवून बघा. बऱ्याचदा सावली अर्ध्याने उतरते. मग गाडी धुऊन काही दिवस तशीच वापरा. हलकी सावली उन्हाने आपोआप फिकी होत जाते.

तरीही राहिली तर बारीक दाण्याचं पॉलिश, हाताने, फोमच्या पॅडवर वाटाण्याएवढं घेऊन, फक्त त्या जागेवर. पण त्याआधी गाडीला पारदर्शक थर आहे की नाही ते तपासा. जुन्या पांढऱ्या गाड्यांवर आणि काही व्यावसायिक वाहनांवर साधा एकथरी पांढरा रंग असतो. काळ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन आडोशाच्या जागी चोळा. फडक्यावर पांढरं उतरलं तर रंग एकथरी आहे. अशा रंगात डांबर जास्त खोल मुरतं आणि पॉलिशने रंगच झिजतो, म्हणून हात फारच हलका ठेवावा लागतो. मोतिया पांढऱ्या गाडीवर उलट काळजी: तिथे रंगाचे तीन थर असतात आणि पॉलिशने वरचा थर संपला तर तेवढाच भाग रंगवून जुळवणं जवळजवळ अशक्य होतं. तिथे थोडी सावली राहिली तर राहू द्या.

क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेले कण ओढून काढणारा मऊ मातीसारखा गोळा, डांबर पूर्ण निघाल्यावरच फिरवा. डांबर असताना क्ले फिरवला की ते क्लेमध्ये अडकतं, त्यातली कच बाहेर डोकावते आणि सगळ्या दारावर गोल ओरखडे उठतात.

मूळ कुठे आहे

आता मुख्य गोष्ट. पत्रा स्वच्छ झाला आणि दोन दिवसांत, ताजं डांबर असलेल्या रस्त्याने न जाताही, त्याच जागी नवे ठिपके आले, तर गुडघ्यावर बसा आणि चाकाच्या कमानीच्या आत बघा. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवलं की पुढच्या चाकाची आतली बाजू मोकळी दिसते. मोबाइलचा टॉर्च लावा. काळ्या प्लॅस्टिकच्या लायनरवर, म्हणजे कमानीच्या आतल्या अस्तरावर, डांबर आणि कच यांचे गोळे चिकटलेले दिसतील, कधी मडफ्लॅपच्या आतल्या बाजूला बोटभर जाड थर दिसेल. टायरच्या खाचांत काळी चकाकणारी खडी अडकलेली असेल. दुपारी टायर आणि रस्ता तापला की हेच मऊ होऊन सुटतं आणि पत्र्यावर बसतं. तुम्ही दार धुता, साठा आतच राहतो.

हे काम सकाळी लवकर करा. थंडीत डांबर कडक आणि ठिसूळ असतं. लायनरवरचा गोळा जुन्या एटीएम कार्डाने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने कडेने उचकटला की अख्खा सुटतो. सुटत नसेल तर पिशवीत बर्फ घेऊन दोन मिनिटं त्यावर धरा आणि पुन्हा उचकटा. रंगीत पत्र्यावर मात्र हा उपाय करायचा नाही, तिथे ठिसूळ गोळ्याबरोबर रंगाची पापडी यायची भीती असते. लायनरवर उरलेला पातळ थर टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून शाम्पूने धुवा. बाहेरच्या बाजूच्या खडबडीत काळ्या प्लॅस्टिकवर आधी कोपऱ्यात तपासा, काही औषधांनी ते पांढरट पडतं.

टायरला औषध, रॉकेल, डिझेल काहीही लावायचं नाही. रबर फुगतं. खाचांतली खडी बोथट पेचकसाने एकेक काढा. टायरच्या तळव्यावर डांबराचा थर असेल तर त्यावर कोरडी बारीक माती किंवा राख चोळा आणि गाडी मुरमाच्या किंवा मातीच्या रस्त्यावर सावकाश दोन-तीन किलोमीटर फिरवा. माती बसली की डांबराचा चिकटपणा मरतो आणि चालता चालता थर झिजून जातो. गावाकडचा कच्चा रस्ता इथे खरोखर कामाला येतो. हे झाल्यावर मगच पत्रा धुवायला घ्या. क्रम उलटा केला तर मेहनत दोनदा होते.

काँक्रीटच्या रस्त्यानेच जाणाऱ्यांनाही हे ठिपके सतावतात. काँक्रीटच्या कामाजवळचे वळणरस्ते आणि सेवारस्ते डांबराचेच असतात. शिवाय तिथे गाडीवर सिमेंटचं पाणी उडतं, ते पांढऱ्या रंगावर लक्षात येत नाही आणि वाळल्यावर रंगाला धरतं. त्याच दिवशी धुवा. वाळलंच तर व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी मिसळून कापडाची पट्टी भिजवा, ठेवा, मऊ झालं की भरपूर पाण्याने धुवा.

पुन्हा लागू नये म्हणून

चारही चाकांना मडफ्लॅप लावून घ्या. बऱ्याच गाड्यांना ते सोबत येत नाहीत. एवढ्या एका गोष्टीने दारावर येणारं डांबर निम्म्याहून कमी होतं असं माझं निरीक्षण आहे. लावताना फ्लॅप टायरच्या रुंदीपेक्षा थोडा बाहेर यायला हवा, नाहीतर उपयोग नाही.

ताज्या डांबरावर वेग ३० च्या आत ठेवा. डांबर चिकटण्याला वेगाशी देणंघेणं नाही, पण सुटून उडायला वेग लागतो. ओला रस्ता संपल्यावर लगेच ८० ला जाऊ नका, किलोमीटरभर हळू चला, म्हणजे टायरवरचं डांबर रस्त्यालाच परत लागतं. डंपरच्या मागे लागू नका. खडी आणि डांबर दोन्ही तोच उडवतो.

खालच्या भागाला दर दोन-तीन महिन्यांनी वॅक्स किंवा सीलंट लावा. पूर्ण गाडीला वेळ नसेल तर फक्त दारांच्या खालच्या पट्ट्या, चाकांमागचा भाग आणि मागचा बंपर एवढ्याला लावा. त्यावर बसलेलं डांबर सुटायला सोपं जातं आणि पिवळी सावली पडत नाही. टार रिमूव्हरने वॅक्सही विरघळतं, म्हणून डांबर काढलेल्या जागी त्याच दिवशी पुन्हा वॅक्स लावायला विसरू नका. कपड्यांच्या साबणाच्या पावडरीने गाडी धुतली तर वॅक्स टिकत नाही. सिरॅमिक कोटिंग असलेल्या गाडीवरही डांबर बसतं, फक्त लवकर निघतं. पीपीएफ, म्हणजे रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म, लावली असेल तर फिल्मवाल्याला विचारल्याशिवाय कुठलंही द्रावक लावू नका, फिल्मची कड उचलली जाते.

रस्त्यांची कामं पावसाळा संपल्यावर, दिवाळीनंतर जोरात सुरू होतात आणि मार्च ते मे पुन्हा धांदल असते. या दोन्ही काळांत डिकीत पाण्याची पाच लिटरची कॅन, टार रिमूव्हरची छोटी बाटली, टिश्यूचं पाकीट आणि चार सुती तुकडे ठेवा. रिमूव्हरची बाटली मात्र उन्हात उभ्या गाडीत दिवसभर ठेवायची नाही, प्रवासापुरती घ्या आणि घरी आल्यावर काढून ठेवा. रात्री गाडी लावताना चाकांच्या मागे एक नजर टाका. त्याच रात्री तेल लावलेला ठिपका सकाळी शाम्पूने जातो.